शमूच्या नावाचा क्रूस

आमच्या देवळाच्या भिंतीवर एकच वस्तू टांगलेली आहे, आणि तीही पाळकसाहेबांच्या मनाविरुद्ध. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. आंबेखोऱ्यात आम्ही चर्च वगैरे म्हणत नाही. मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, बसायला सतरंज्या, आणि बाहेर कौलांच्या माथ्यावर लोहारानं घडवलेला लोखंडी क्रूस. आत चित्र नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. ज्या अमेरिकन मडमांनी आमच्या आईबापांना बाप्तिस्म्याला उभं केलं, त्यांना असल्या गोष्टींचा तिटकारा होता. त्यांनी हातात कात्री घेऊन आमच्या माणसांच्या गळ्यातले गंडेदोरे स्वतः कापले. कुणीतरी भीतभीत विचारलं, मडम, मग आता गळ्यात क्रूस तरी घालू का? तर म्हणाल्या, "क्रूस मनात ठेवायचा. गळ्यात अडकवायला तुम्ही काय गाई आहात?" तेव्हापासून आमच्या मंडळीतल्या पुरुषाच्या गळ्यात घाम सोडून दुसरं काही दिसायचं नाही.

भिंतीवर जे आहे, ते माझ्या थोरल्या भावाच्या, शमुवेलच्या थडग्यावरचं लाकूड. हातभर उंचीचा क्रूस, काळा रंगवलेला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत फौजेतला नंबर, मग एस. कांबळे, आणि खाली ऑक्टोबर १९४४. इटलीत कुठल्याशा नदीकाठी तो सहा वर्षं उभा होता. पुढं सरकारनं तिथं लाकडं काढून दगड बसवले. आमच्या मडम तोवर म्हाताऱ्या होऊन अमेरिकेला परतल्या होत्या, पण तिथून त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली, आणि हे लाकूड गोणपाटात गुंडाळून बोटीनं मुंबईला, मुंबईहून आगगाडीनं कराडला आणि तिथून एसटीच्या टपावरून शिराळ्याला आलं. शिराळ्याहून आंबेखोऱ्यापर्यंत माझ्या आईनं, सुलाबाईनं, ते डोक्यावरून आणलं. नऊ मैल. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

पाळकसाहेब म्हणाले होते की लाकडाची पूजा होता कामा नये. आई म्हणाली, "म्या पूजा कशापायी करंन? माझं पोरगं हाय त्ये."

शमू एकटा मेला नाही. फौजेच्या त्याच मोटारगाडीत आमच्याच गावचा ज्ञानू मेला, आकाराम पाटलांचा मुलगा. एक महारवाड्यातला ख्रिस्ती आणि एक पाटलाच्या आळीतला मराठा, पण म्हसरांमागं दोघं बरोबर वाढले. बरोबरच साताऱ्याला गेले आणि मोटार कंपनीत भरती झाले. दोन तारा एकाच दिवशी आल्या. आमचा पुरला गेला, म्हणून त्याचं लाकूड तरी आलं. ज्ञानूला तिकडंच अग्नी दिला आणि राख नदीत सोडली, एवढंच त्याच्या घरी पत्रानं कळलं. तिथी ठाऊक नसल्यानं पाटलांच्या घरी त्याचा म्हाळ सर्वपित्री अमावस्येला घालतात.

ज्ञानूची आई रंगूबाई दरवर्षी नागपंचमीच्या आधी जवसाच्या तेलाची बाटली घेऊन देवळाच्या पायरीशी यायची. पावसात वाळवी धरते, म्हणून क्रूसाला लावायला. बाटली पायरीवर ठेवायची, आत कधी यायची नाही. या म्हटलं तर म्हणायची, "नगं, पायाला चिखल हाय." मी चौदा वर्षं हेच ऐकत होते. एरवी कधी ऐन वैशाखात देवळाशी आली तरी बाईच्या पायाला चिखल असायचा. मला सगळं कळत होतं. आमच्या देवळाची जमीन तिच्या पायाला चालत नव्हती, तेल तेवढं आमच्या हाताला चालत होतं. मी बाटली घ्यायची, हसायचं, आणि मनात चार शब्द ठेवून द्यायचे. माझा स्वभावच तसा आहे. गावात मला मार्थाबाई म्हणतात, आणि मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

यंदा, म्हणजे चौसष्ट साली, भाद्रपदात आईनं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आईला ते समजलं. तिनं पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, "मला पेटीत घालाल तवा शमूचा क्रूस माझ्या संगं घाला. शेवटल्या दिशी थडग्यातनं उठताना त्येचा हात धरायचा हाय मला." पाळकसाहेबांचे डोळे भरले. मंडळीच्या पंचांनीही मान डोलावली. सुतारानं पेटी हातभर जास्त लांब केली, क्रूस मावावा म्हणून. ती पेटी देवळाच्या ओसरीवर येऊन पडली होती, आणि आई रोज विचारायची, "लांब केली न्हवं?"

मंगळवारी शाळा सुटली. आमची शाळा देवळातच भरते, आणि शिकवते मीच. मी सतरंज्या गुंडाळत होते, तेवढ्यात दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा फेटा, खाकी कोट, काखेत छडी.

"बाई, हितं इटलीतला एक क्रूस हाय म्हणं."

मी भिंतीकडं बोट केलं. तो जोडे काढून आत आला, क्रूसासमोर टाचा जुळवून उभा राहिला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. मग जवळ जाऊन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यो एस माझ्या हातचा. ब्रश न्हवता. काडीला चिंधी बांधून लिवला."

मी म्हटलं, "तुम्ही कोण?"

"सुभेदार हिंदुराव. पलूसच्या अंगाला गाव माझं. आता पेन्शनीत हाय. तवा नाईक व्हतो."

शिराळ्याला तो लेकीच्या सोयरिकीसाठी आला होता, तिथं कुणाकडून तरी ऐकून तडक इकडं आला. मला काय वाटलं ते सांगते. आनंद वाटला. वीस वर्षांत शमूला शेवटी पाहिलेलं माणूस आमच्या दारात आलं नव्हतं. आईत अजून जीव होता. आता ह्याला आईच्या उशाशी न्यायचं, तिनं त्याच्या तोंडून सगळं ऐकायचं, आणि सुखानं डोळे मिटायचे. मी त्याला बसायला सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या भरला.

सुभेदार भिंतीला टेकून सांगू लागला. "त्या कंपनीत बदलून यिऊन मला तीनच दिस झालं व्हतं. पोरांची तोंडवळखसुदीक नीट न्हवती. गाडीत पेट्रोलचं डबं. नदीवरचा पूल वलांडताना तोफेचा गोळा आला. दोघंबी गाडीतच. आग इझवून बाहीर काढलं तवा," तो थांबला, "बाई, आईला ह्ये सांगू नगा."

"नाही सांगत."

"तोंडं ऱ्हायली न्हवती. उंचीला दोघं सारखं. गळ्यातलं नाव-नंबराचं बिल्लं कागदाच्या लगद्यागत असत्यात, ती जळून गेलती. साहेब म्हणाला, नाईक, तू ह्यांच्या मुलखातला. ह्यातला हिंदू कोण आन् ख्रिस्ती कोण, तू वळख. म्हंजी एकाला पुराया, एकाला जाळाया. मी म्हटलं, साहेब, त्यात वळखायचं काय? एकाच्या छातीवर क्रूस हाय की."

तांब्या मी त्याच्यापुढं धरला होता. तो तसाच हातात राहिला.

"काय होतं?"

"क्रूस. पितळेचा. करंगळीएवढा. लय गावठी घडणीचा. खालच्या टोकाला खोलगा व्हता, चमच्यागत. कातड्याला चिकटून बसल्याला. मी काढला न्हाई. आईनं घातला आसंल म्हटलं. तसाच ठिवला, तसाच मातीत घातला. पादरी बोलावला, ह्यो क्रूस रवला. सगळं नीट क्येलं, बाई."

मला हसू आलं. खरंच हसू आलं, आणि ते थांबेना. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग मी पदर बाजूला केला आणि माझा मोकळा गळा त्याला दाखवला.

"सुभेदार, आमच्या मंडळीत गळ्यात काही घालत नाहीत. क्रूससुद्धा नाही. माझ्या भावानं जन्मात कधी घातला नाही."

त्याला आधी समजलंच नाही. तो म्हणाला, "ख्रिस्ती मानूस, आन् क्रूस न्हाई?" मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो उभा राहिला, परत बसला, परत उभा राहिला. फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला. डोकं पांढरं, तुळतुळीत. त्या फेट्याशिवाय तो एकदम साधा म्हातारा दिसायला लागला.

"न्हाई. तसं न्हाई. त्येनं तिकडं घेतला आसंल, बाई. इटलीत गल्लीगल्लीत क्रूस. घेतला आसंल की."

"असेल," मी म्हटलं. मलाही तेच हवं होतं. पण इटलीतल्या दुकानात गावठी घडणीचा, चमच्यासारखा खोलगा असलेला क्रूस कोण विकतं?

"दुसऱ्याला मी अग्नी दिलाय," सुभेदार म्हणाला. "मिशी उतरून. त्येचा भाऊ म्हणून. राख माझ्या ह्या हातानं नदीत सोडली. मग मी कुणाला दिला अग्नी? आँ? कुणाला दिला?"

त्याला तिथंच बसवून मी बाहेर पडले. पाटलांच्या मळ्याकडं जाणारी वाट आमच्या घरावरून जाते. आईनं माझी पावलं ओळखली.

"कोण आलंय गं?"

"फौजेतले एक आहेत. शमूच्या कंपनीतले."

आई अंथरुणावर उठून बसायला लागली. तिला ते झेपेना. "म्होरं बोलीव की त्येला. न्हाई, थांब. आधी इचार, पोराला नीट ठिवला न्हवं मातीत? का घाईघाईनं?"

"विचारते," मी म्हटलं आणि तिच्याकडं न बघता निघाले. त्या वाटेवर मी देवाकडं काय मागत होते ते सांगायला लाज वाटते. शमूनं आमचा नियम मोडलेला असू दे, असं मी मागत होते. त्याला जळताना काय वाटलं असेल याचा मी तेव्हा विचारच केला नाही. फक्त तो मातीत असू दे.

रंगूबाई एकटीच होती. उपटलेल्या भुईमुगाच्या ढिगाशी बसून शेंगा तोडत होती. मला बघून म्हणाली, "सुलाचं कसं हाय?"

मी उभ्याउभ्याच विचारलं, "काकी, भरतीला गेला तेव्हा ज्ञानूच्या गळ्यात काय होतं?"

तिचा हात थांबला. तिनं चारी बाजूंना बघितलं. मळ्यात चिटपाखरू नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही सांगा."

"जोतिबाचा गंडा."

"आणि?"

रंगूबाई पदर पुढं ओढून अंग चोरून बसली. वीस वर्षं लपवलेली चोरी उघडी पडल्यावर माणूस जसं बसेल, तशी. मग म्हणाली, "कुणाला सांगू नगंस, पोरी. ह्यांस्नी अजून ठावं न्हाई. सायबाच्या मुलखात चाललं व्हतं पोरगं. म्या म्हटलं, तितं आपल्या जोतिबाला कोण वळखतंय? तितल्या देवाची काय तरी खूण आसावी अंगावर. तुमच्या देवळाच्या माथ्यावर हाय, तसा करून घेतला. शिराळ्याच्या बाजारात तांबट बसायचा, त्येच्याकडनं."

"कशाचा?"

"देवघरातल्या पळीचा. पितळी पळी व्हती, तीच मोडली. सासूनं इचारलं पळी कुटं गेली, म्या म्हटलं उंदरानं न्हेली." ती कसनुसं हसली. "पळीचा खोलगा तसाच ऱ्हायला जरा खालच्या टोकाला. तांबट आडानी."

मी तिथंच मातीत बसले. रंगूबाई मला धरायला पुढं आली आणि अर्ध्यात थांबली. ती अडाणी बाई असेल, पण मूर्ख नव्हती.

"का गं? का इचारलंस?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. पूल, आग, जळलेले बिल्ले, छातीवरचा खोलगा असलेला क्रूस. ती ऐकत होती आणि हातातल्या वेलाच्या शेंगा तोडत होती. त्या वेलाला एकही शेंग उरली नव्हती, तरी ती तोडतच होती.

"गंडा दोऱ्याचा," ती शेवटी म्हणाली. "क्रूस पितळंचा. दोरा जळला, पितळ ऱ्हायलं."

"हो."

"माझ्याच हातानं. माझ्याच हातानं म्या त्येचा अग्नी काढून घेतला गं. मातीत घातलाय त्येला? लिंगायतागत? वीस वर्सं पान वाढतोय, भटाला जेवाय घालतोय, आन् त्यो मातीत हाय?"

तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. मी तिचे हात धरले. आयुष्यात पहिल्यांदा धरले. ते काही तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मग तिनं एकदम माझ्याकडं बघितलं.

"आन् शमू? सुलाच्या शमूला जाळलं?"

इतका वेळ ते वाक्य मी मनातसुद्धा पुरतं बोलले नव्हते. ते ती बोलली. शमूला जाळलं. शमूला थडगं नाही. राख कुठल्या नदीत गेली तेही ठाऊक नाही. दर रविवारी आई ज्या लाकडाला हात लावून घरी यायची, ज्याच्याशी बोलायची, ते शमूचं कुणीच नव्हतं. मी मान डोलावली.

"सुलाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नगंस." तिनं डोळे पुसले आणि मळ्यापलीकडं, देवळाच्या माथ्याकडं बघितलं. "म्हंजी चौदा वर्सं म्या माझ्याच पोराला तेल लावतोय. आन् आता त्यो तिच्या पेटीत जाणार."

"हो."

मी वाट बघत होते. तिनं मागितला असता तर मी भांडले असते. चिखलाच्या पायांचं काढलं असतं, आईच्या नऊ मैलांचं काढलं असतं, सगळं काढलं असतं. पण रंगूबाईनं काहीच मागितलं नाही. तिनं दुसरा वेल उचलला आणि शेंगा तोडायला लागली.

देवळात परतले तेव्हा सुभेदार भिंतीकडं तोंड करून बसला होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. म्हणाला, "पाटलाला जाऊन सांगतो. पाय धरतो त्येचं." मी त्याला थांबवलं. पळी, गंडा, बाईचं वीस वर्षांचं गुपित, भावकी, हे सगळं त्याला सांगितलं. तो मुलखातलाच होता, त्याला लगेच कळलं. बोलायचं नाही असं त्यानं मला वचन दिलं. फेटा बांधला, क्रूसासमोर उभा राहिला, हात सलामाला उचलला आणि मध्येच थांबला.

"आता कुणाचं नाव मनात आणू, बाई?"

त्यानं सलाम केला आणि गेला. आईकडं काही मी त्याला नेलं नाही.

आईनं संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाला त्यो?"

"नीट ठेवलं म्हणाला, आई. पादरी बोलावला होता. स्वतःच्या हातानं नाव लिहिलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "मग झालं." शनिवारी दुपारी ती गेली.

पेटी ओसरीवरून आत आणली. आईला त्यात ठेवलं. पायांपुढं हातभर जागा मोकळी होती. पाळकसाहेबांनी मला खूण केली. मी भिंतीपाशी गेले, क्रूस खुंटीवरून काढला आणि छातीशी धरून उभी राहिले. सगळी मंडळी बघत होती. बाहेर गावची माणसंही आली होती, आकाराम पाटील फेटा हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागं, नेहमीच्याच पायरीशी, रंगूबाई. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती क्रूसाकडं बघत होती. आपला पोरगा दुसऱ्यांदा मातीत जाताना ती बघणार होती, आणि तिला रडायचीसुद्धा सोय नव्हती. सुलाबाईसाठी एवढी का रडते, असं कुणीतरी विचारलं असतं.

आईनं आयुष्यात माझ्याकडं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. हे मला त्या क्षणी चांगलं ठाऊक होतं. अजूनही ठाऊक आहे.

मी क्रूस परत खुंटीला अडकवला.

"मार्थाबाई?" पाळकसाहेब म्हणाले.

"राहू दे देवळात," मी म्हटलं.

"अहो, पण आईची इच्छा होती. पंचांनी परवानगी दिली आहे."

"राहू दे म्हटलं ना. पेटी बंद करा."

कुजबूज झाली. ती मी ऐकली. मेलेल्या आईचा शब्द मोडला. पोटची पोर म्हणायची का कोण? भावाच्या क्रूसावर आपला हक्क दाखवते, शिकलेली ना. आईची भाची तर तोंडावर बोलली आणि अजून माझ्या घरचं पाणी पीत नाही. मी काय सांगणार होते? सांगितलं असतं तर मी सुटले असते आणि रंगूबाई अडकली असती. सुतारानं झाकण लावलं, आणि पायांपुढची ती हातभर जागा रिकामीच मातीत गेली. रात्रंदिवस मला ती जागा आठवते. आईला मी फसवलं, ही गोष्ट कुठल्याही कारणानं धुऊन निघत नाही. पण दुसऱ्या बाईच्या पोराला तिच्या डोळ्यांदेखत पुरणं माझ्या हातून झालं नाही.

दहा-बारा दिवसांनी सर्वपित्री अमावस्या आली. सकाळी मी देवळात फळा पुसत होते. पाऊस पडून गेला होता. दारात सावली पडली म्हणून वळून बघितलं, तर रंगूबाई. हातात तेलाची बाटली. तिनं ती पायरीवर ठेवली नाही. उंबरा ओलांडून सरळ आत आली. त्या दिवशी तिच्या पायाला खरोखरच चिखल होता. सारवलेल्या जमिनीवर तिची पावलं क्रूसापर्यंत उमटत गेली, आणि मी तशीच फळ्याशी उभी राहिले.

तिनं तळहातावर तेल घेतलं. मी चिंधीनं लावायची. तिनं हातानंच लावलं, वरपासून खालपर्यंत, बाळाला लावतात तसं, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना जरा जास्त जिरवून. शमूच्या नावावरूनही तिचा हात तसाच फिरला.

हात पदराला पुसून ती माझ्याकडं वळली. "आज म्हाळ हाय घरी. भट यायचा हाय."

"माहीत आहे."

"रातीपास्नं इचार करतोय. ज्ञानूला अग्नीच न्हाई, तर त्येचं पान वाढून त्येला काय पोचतंय? ज्येला अग्नी दिला, ज्येची राख पाण्यात सोडली, त्येचं पान कुणीच वाढलं न्हाई वीस वर्सं." ती अडखळली. "पानावर काय वाढलंय आन् कुणाच्या नावानं वाढलंय, ह्यांस्नी काय कळतंय? म्या मनात नाव घेतलं की झालं."

मी ख्रिस्ती बाई आहे. दरवर्षी भाद्रपदात मी शाळेतल्या मुलांना समजावून सांगते की मेलेली माणसं जेवायला येत नाहीत. त्यातला शब्दन् शब्द मला खरा वाटतो. आणि पाटलाच्या घरात, सोवळ्याच्या चुलीवर, महारवाड्यातल्या पोराच्या नावानं पान वाढलं जाणार होतं, तेही मला कळत होतं.

"शमूला काय आवडायचं गं खायाला?" रंगूबाईनं विचारलं.

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं ते त्याचा नंबर, त्याचा हुद्दा, तो कुठं पडला आणि किती साली पडला. मी फळ्याला हात टेकला. सांगायला तोंड उघडलं आणि रडू आलं, आईच्या मयतालासुद्धा आलं नव्हतं असं.

"तुमच्या घरची दिंडं," मी म्हटलं. "नागपंचमीची, पुरणाची. ज्ञानू सदऱ्यात लपवून आणायचा त्याच्यासाठी."

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. मग बाटलीला बूच लावत म्हणाली, "धा-धा दिंडं न्ह्यायचा गं माझा पोरगा. आन् म्या आपली म्हणायची, केवढी भूक ह्या पोराला."